८४३ रुपयांचा विमा आणि हेल्मेटवरचा चरा

परवा माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात एक मोनोब्लॉक पंप खोलून बसलो होतो, दोन्ही हात काळे, आणि नेमका तेव्हाच फोन. विमावाले काका. "अहो गाडीचा इन्शुरन्स संपतोय बरं का, ८४३ रुपये टाका, लगेच पेपर पाठवतो." कोपरानं स्पीकर चालू केला आणि म्हटलं, काका टाकतो, पण आधी मला सांगा ह्या ८४३ मधले माझ्यासाठी किती? काका हसले. त्यांना माहितीय मी हा प्रश्न दरवर्षी विचारतो. का विचारतो तेच आज लिहून काढतोय, लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

आधी ८४३ कुठनं येतात ते सांगतो. माझी शाइन आहे, १२५ सीसी. ७५ ते १५० सीसीच्या टू व्हीलरला थर्ड पार्टीचा वर्षाचा दर ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले ८४३. हा दर कंपनी ठरवत नाही, सरकार नोटिफिकेशन काढून ठरवतं, हा १ जून २०२२ पासनंचा आहे. ७५ सीसीच्या आतली असेल तर ५३८, १५० ते ३५० वाली असेल तर १३६६ आणि त्याच्या पुढची असेल तर सरळ २८०४, सगळ्यावर जीएसटी वेगळा. आमच्या साडूंची बुलेट १३६६ मध्ये बसते, त्यांना वाटतं बुलेट आहे म्हणून जास्त कव्हर मिळतं. नाही हो साडू. इंजिन जेवढं मोठं तेवढा तुम्ही दुसऱ्याला धोका, एवढाच त्याचा अर्थ. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. तुम्ही कुणाला धडकलात तर त्याला द्यायचे पैसे. तुम्ही स्वतः पडलात, हात मोडला, दात पडले, तर ह्यातनं तुम्हाला रुपया नाही.

हे मला कळलं जानेवारी २०२३ मध्ये, आणि कळायची किंमत जरा जास्त पडली.

कोरेगावला एका गिऱ्हाईकाची मोटर पोचवून सातारला परत येत होतो. संध्याकाळचे साडेसात, थंडी, जर्किन घातलेलं, डोक्यावर हेल्मेट. त्रिपुटी सोडून थोडं पुढं आलो असेन. स्पीड पन्नास असेल, शपथेवर सांगतो पन्नासच, कारण पाठीमागं कॅरियरला एक जुना पंप बांधलेला होता आणि गाडी वाकडी ओढत होती. समोरनं एक कार आली अप्पर मारत. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं, आणि ती कार पास झाली आणि अंधार परत आला त्या अंधारात माझ्यापुढं दहाबारा फुटांवर उसाची भिंत. हलणारी भिंत. दुहेरी ट्रॉली होती, मागच्या ट्रॉलीला ना लाईट ना रेडियम, फक्त खताच्या रिकाम्या पोत्याचा एक लाल तुकडा बांधलेला, तो पण मोळ्यांच्या खाली दबलेला. मोळ्या हातभर बाहेर आलेल्या. ट्रॉलीला लाईट असता तरी त्या मोळ्यांच्या आडच गेला असता.

दोन्ही ब्रेक दाबले, उजवीकडं काढायला बघितलं, मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी. खांदा आधी टेकला मग डोकं. हेल्मेटच्या आत जो आवाज येतो ना तो ज्यानं ऐकलाय त्यालाच माहिती. बाहेरनं ठक्क एवढाच येत असेल, आतनं मडकं फुटल्यासारखा येतो. आणि मग डांबरावर घासत गेलेला खर्रर्र असा आवाज, कानाच्या अगदी शेजारी. तो आवाज चालू असताना माझ्या डोक्यात काय आलं माहितीय? पंप गेला. गिऱ्हाईकाचा पंप फुटला आता भरून द्यावा लागणार. माणूस कसा असतो बघा.

मागनं दुधाचा टेम्पो येत होता तो थांबला. त्या माणसाचं नाव पण मला माहीत नाही पण त्यानं दोन गोष्टी बरोबर केल्या. एक म्हणजे टेम्पो माझ्या मागं आडवा लावून इंडिकेटर चालू ठेवला, नाहीतर अजून कोणतरी माझ्यावरनं गेलं असतं. आणि दुसरं, गोळा झालेली पोरं माझं हेल्मेट ओढायला लागली तर खेकसला त्यांच्यावर, "आरं काढू नगा, मान हललं त्याची, ऱ्हाऊ द्या तसंच." श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट घाईनं ओढायचं नसतं हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्याला कुठनं माहीत होतं काय माहीत. मला टेम्पोत घालून सातारला आणलं, दवाखान्याच्या दारात सोडलं आणि म्हणाला, "भाऊ मी निघतो, पोलिसांचं झंगट नको." मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास द्यायचा नाही, नाव सांगायची पण जबरदस्ती करायची नाही असं आता मोटार वाहन कायद्यातच आहे, कलम १३४ अ. पण ते त्याला माहीत नव्हतं आणि मला तरी कुठं माहीत होतं.

कॉलरबोनचे दोन तुकडे, प्लेट टाकली, उजव्या हाताचं मनगट क्रॅक. डोक्याला काही नाही. सीटी स्कॅन काढला, एकदम क्लीन. बिल ७८ हजार. आणि दुकान सात आठवडे बंद, ते पण ऐन हंगामात, रब्बीला पाणी चालू असतं तेव्हाच मोटरी जळतात. कॉइल भरायला दोन्ही हात लागतात, एका हातानं वाइंडिंग होत नाही. माझ्याकडं कोण रजेचा पगार देणारा मालक नाही, मीच मालक आणि मीच कामगार.

आता विम्याची गंमत ऐका. गाडी दिवाळी २०१९ ला घेतलेली, शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, टेन्शनच नाही. मी पण तीन वर्षं टेन्शन घेतलं नाही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८ पासनं नव्या टू व्हीलरला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला हे खरं, पण तो थर्ड पार्टीचा. माझ्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा होता, २०२० लाच संपला होता. आणि तिसरी एक गोष्ट असते, मालक चालकाचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर, १५ लाखांचा, तो पण सक्तीचा आहे पण तो पण माझा एकाच वर्षाचा काढलेला. म्हणजे माझ्याकडं जे पाच वर्षांचं होतं ते ट्रॉलीवाल्याच्या उपयोगाचं होतं, माझ्या नाही! मी ट्रॉलीला धडकून ट्रॉली फुटली असती तर त्याला पैसे मिळाले असते.

काकांना विचारलं, तो १५ लाखांचा कव्हर असता तर मिळालं असतं का हो काही. काकांनी पॉलिसी काढली, चष्मा चढवला आणि वाचून दाखवलं. गेलात तर १५ लाख. दोन हात, किंवा दोन पाय, किंवा दोन डोळे गेले तर १५ लाख. एक हात किंवा एक डोळा गेला तर निम्मे. "मोडून परत जुळलं त्याला काय न्हाय." म्हणजे ७८ हजार आणि सात आठवडे हे कुठल्याच खान्यात बसत नाहीत. तरीपण ज्यांचा तो कव्हर संपलाय त्यांनी काढून घ्या, घरात खाणारी तोंडं असतील तर नक्की काढा. आज घरी गेल्यावर पॉलिसी उघडून तारखा बघा, तीन वेगवेगळ्या तारखा असतात.

मग ट्रॉलीवाल्याकडनं का नाही घेतले, असं तुम्ही विचारणार. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरमालक आला दवाखान्यात, बरोबर त्यांच्या गावातले दोन जाणते लोक, पिशवीत मोसंबी. माझे वडील बसलेले. बोलणं असं झालं की जणू लग्नाची बैठक आहे. आवं आबा, पोरगं वाचलं हे काय कमी हाय का, ड्रायव्हर गरीब हाय, बीडकडचा हाय, हंगामाला आलाय, केस केली तर त्याचं नुकसान, मिटवून टाकू. १५ हजार ठेवले. आबांनी घेतले. मी गोळ्यांच्या गुंगीत होतो पण खोटं कशाला बोलू, शुद्धीवर असतो तरी घेतले असते. पाहुण्यापाहुण्यातली गावं, उद्या त्याचीच मोटर माझ्याकडं यायची (आली पण, मागल्या वर्षी, बेअरिंग गेलेलं).

नंतर एका वकील मित्रानं डोक्याला हात लावला. म्हणाला लेका त्या ट्रॅक्टरचा पण थर्ड पार्टी असणार की, त्याच्यासाठी तू तिसरा माणूस होतास! एफआयआर करायची, मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा टाकायचा, दवाखान्याचं बिल, बुडालेली कमाई सगळं मागता येतं. विम्यावाले म्हणाले असते तुझी पण चूक आहे, बघून चालवायचं होतंस, मग काही टक्के कापले असते, पण १५ हजाराच्या वर नक्की गेलं असतं. ड्रायव्हरच्या खिशातनं नाही, कंपनीकडनं. तोपर्यंत ऑगस्ट उजाडलेला, आणि एप्रिल २०२२ पासनं दावा टाकायला सहा महिन्यांची मुदत आलीय. संपला विषय. हे मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडं "मिटवून टाकू" म्हणजे चांगुलपणा समजतात. एफआयआर म्हणजे वैर नाही हो, एफआयआर म्हणजे विम्याच्या दाराची किल्ली आहे. ती आम्ही मोसंबीबरोबर परत दिली.

हे सगळं मी फोनवर सांगत होतो माझ्या मावसभावाला. तो न्यूझीलंडला असतो, दहाबारा वर्षं झाली. त्याच्याकडं पण बाईक आहे, मोठी, साडेसहाशे सीसीची. तो म्हणाला, दादा इथं असं पडला असतास ना तर कुणाची चूक हे कोण विचारलंच नसतं. तिथं एसीसी म्हणून सरकारी महामंडळ आहे, १ एप्रिल १९७४ पासनं चालू आहे. अपघातात जखमी झालेला कोणी पण असो, चालवणारा असो चालणारा असो, शिडीवरनं पडलेला असो, उपचाराचा खर्च ते बघतं आणि काम बंद पडलं तर पहिला आठवडा सोडून कमाईच्या ८० टक्के रक्कम आठवड्याला येते. स्वतःचा धंदा असला तरी. त्या बदल्यात तिथं समोरच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, तो हक्कच लोकांनी सोडलाय. मी मनात सात आठवड्यांचा हिशोब लावला आणि गप्प बसलो.

"पण," तो म्हणाला, "फुकट नाही दादा. बाईकवाल्याला सोलतात." तिथं गाडीचं लायसन्स म्हणजे आपल्याकडचा रोड टॅक्स समजा, तो दरवर्षी भरावा लागतो आणि त्यातच एसीसीचा वाटा असतो. कारला कमी, बाईकला जास्त, ६०० सीसीच्या वर तर फारच जास्त. २००९ मध्ये महामंडळ म्हणालं बाईकवाल्यांच्या उपचारावर जेवढा खर्च होतो तेवढे पैसे त्यांच्याकडनं येतच नाहीत, कारवाले त्यांचं भरतायत, म्हणून मोठ्या बाईकचा वाटा साधारण अडीचशे डॉलरवरनं सातशे चाळीसच्या वर न्यायचा. मग भडकले सगळे. १७ नोव्हेंबर २००९ ला हजारो बाईकवाले वेलिंग्टनला पार्लमेंटपुढं गाड्या घेऊन गेले. त्याला त्यांनी नाव दिलं होतं बायकोई. माओरी भाषेत मोर्चाला हिकोई म्हणतात, त्यात बाईक घातली की बायकोई. (मी हे घरात सांगितलं तर बायको म्हणाली, माझ्या नावानं मोर्चा काढताय का.)

त्यांचं म्हणणं मला एकदम पटलं. आम्हाला ठोकतात कारवाले, वळताना बघत नाहीत, आणि खर्च आमच्या नावावर का? माझ्याच ट्रॉलीचा प्रश्न आहे हा. अंधार ट्रॉलीनं केला, कॉलरबोन माझं, मग धोकादायक कोण, मी का ती?

पण भाऊ हिशोबी आहे, त्यानं दुसरी बाजू पण सांगितली. कारवाला आणि बाईकवाला एकाच स्पीडला एकमेकांवर आले तर कारवाल्याचा बंपर जातो आणि बाईकवाल्याचा पाय. चूक कुणाची पण असो, दवाखान्यात बाईकवालाच जास्त दिवस झोपतो, आणि तिथं चूक बघायचीच नाही असं ठरलंय म्हटल्यावर खर्च ज्याच्यावर होतो त्यानं जास्त भरायचं. हे पण खोटं नाही. शेवटी दर वाढलाच, सातशे नाही पण २०१० मध्ये पाचशेच्या वर गेला. आणि त्यात ३० डॉलरचा एक वेगळा सेफ्टीचा वाटा घातला. ते ३० डॉलर फक्त बाईकवाल्यांच्या सुरक्षेवर खर्च करायचे, आणि ते कशावर करायचे हे सुचवायला एक परिषद काढली त्यात बाईक चालवणारी माणसं बसवली. स्वस्तात बाईक चालवायचे ट्रेनिंग क्लास आहेत, भाऊ स्वतः एक दिवस जाऊन आला, पावसात वळण कसं घ्यायचं ते शिकवलं म्हणे.

मला त्या ३० डॉलरनं खरं पछाडलंय. कारण आपण काही कमी भरत नाही हो. गाडी घेताना जीएसटी, एकरकमी टॅक्स, पेट्रोलवर जो काय टॅक्स आहे तो तर रोजचा. त्यात परवा पॉलिसी शोधताना गाडीच्या फाईलमध्ये आरटीओची जुनी पावती सापडली. एकरकमी टॅक्सच्या खाली एक बारकी ओळ, रोड सेफ्टी सेस. म्हणजे मी पण भरलाय की माझा सेफ्टीचा वाटा! रक्कम बारकी आहे, गाडीच्या किमतीपुढं कुणी बघत पण नाही. पण सातारा जिल्ह्यात रोज किती गाड्या पासिंग होतात बघा, एमएच ११ आहे, कराडचं एमएच ५० वेगळं. त्या पैशाचं त्रिपुटीच्या रस्त्याला एक रिफ्लेक्टर तरी आलं का?

आता हेल्मेटवर येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गडी नियमाच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. ते हेल्मेट अजून दुकानात फळीवर ठेवलंय, वाइंडिंगच्या तारेच्या रिळांशेजारी. उजव्या बाजूला कानाच्या वर तळहाताएवढा चरा पडलाय, रंग पूर्ण गेलेला, फायबर दिसतंय, आणि आत बोट घातलं तर थर्माकोल एका जागी दबून कडक झालेला लागतो. तो थर्माकोल दबला म्हणून मी नाही दबलो, एवढं साधं आहे ते. एकदा मार खाल्लेलं हेल्मेट परत घालायचं नसतं, दबलेला थर्माकोल परत फुगत नाही. येणारं गिऱ्हाईक विचारतं हे काय, मी हातात देतो. काही जण तोच चरा आपल्या कानाच्या वर कुठं येतो ते चाचपून बघतात.

देशाचा आकडा सांगतो. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ४४.५ टक्के टू व्हीलरवाली. हेल्मेट नसलेली ५०,०२९, त्यातली १४ हजारांवर मागं बसलेली. मागं बसलेली म्हणजे कोण? आपली बायको, आपली आई, कॉलेजला सोडायची पोरगी. आणि आमच्याकडं मागच्याला हेल्मेट म्हटलं की हसतात. कायद्यात कधीपासनं आहे, कलम १२९, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पुढचा असो मागचा असो. नसेल तर १९४ ड खाली हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स सस्पेंड. चार वर्षांच्या आतल्या पोराला पण फेब्रुवारी २०२३ पासनं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा लागतो, आणि गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. सातारला राजपथावर टाकीवर बसवलेलं पोरगं किती वेळा दिसतं? रोज. तेच मोती चौकात आईस्क्रीम खात खात.

हेल्मेटला महाराष्ट्रात जेवढा विरोध झाला तेवढा टोलला पण झाला नसेल. पुण्यात २०१९ च्या सुरुवातीला सक्ती केली तर लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर. त्याच्या आधी २०१६ मध्ये परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी काढलं होतं हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, ते काही दिवसांतच गुंडाळलं. आमच्या कट्ट्यावर तेव्हा प्लॅन तयार होता, पंपाच्या बाहेर हेल्मेट भाड्यानं ठेवायचं, पाच रुपये, पेट्रोल टाकून झालं की परत.

घरातला विरोध वेगळाच. आबांना म्हटलं आता तुम्ही पण घालायचं, तर त्यांनी पेपर वाचून ठेवलेला, म्हणाले कायद्यात पगडी घातलेल्या शीख माणसाला सूट हाय, मग माझ्या फेट्यानं काय घोडं मारलंय? आता काय उत्तर देणार. मी म्हटलं आबा तुमचा फेटा सणाला असतो, रोज तुम्ही टोपी घालता. "मग फेटा बांधतो रोज," म्हणाले. शेवटी मी फळीवरचं ते हेल्मेट घरी नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. बराच वेळ चऱ्यावर अंगठा फिरवत बसले. आता घालतात, पण पट्टा लावत नाहीत, घुसमटतं म्हणे. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी उडून जातं हे सांगून सांगून थकलो.

बायकोचं म्हणणं केसांचं आणि घामाचं, ते पण खरं आहे, मे महिन्यात पोवई नाक्याच्या सिग्नलला दोन मिनिटं हेल्मेटमध्ये थांबून बघा. पण घालते ती. एकदा फक्त विसरली, सदर बझारला तिच्या मावशीकडं जाताना, आणि त्याच दिवशी कॅमेऱ्यानं टिपलं, मोबाईलवर चलन, फोटोसकट. फोटोत मी हेल्मेटमध्ये आणि ती मागं स्कार्फ बांधून हसतेय. भरलं. कुरकुर नाही केली कारण चूक आमची होती. पण त्याच रस्त्यानं संध्याकाळी बिनलाईटची ट्रॉली जाते तिचा फोटो त्या कॅमेऱ्याला का येत नाही? तिला नंबरप्लेटच नसते मागं, येणार कुठनं!

आणि जे हायवेला शेंद्र्याच्या बाजूला, वाढे फाट्याला रस्त्याकडंला दोरीवर टांगून अडीचशेला विकतात ना, ती हेल्मेटं नाहीत. ती पोलिसाला दाखवायची टोपडी आहेत. आयएसआयचा स्टिकर तर पानपट्टीवर पण छापून मिळेल. आत थर्माकोलच्या जागी नुसता स्पंज असतो, दाबून बघा, अंगठा आत गेला की ठेवून द्या. जून २०२१ पासनं आयएसआय नसलेलं विकणंच बेकायदा आहे, तरी दोरी तिथंच आहे. आणि नवी गाडी घेताना शोरूमवाल्यानं हेल्मेट द्यायचं असतं, नियम आहे तसा, मागून घ्या. मला २०१९ ला दिलं नव्हतं आणि मी मागितलं पण नव्हतं, सीट कव्हर फुकट दिलं त्यातच खूश.

एक बरी गोष्ट पण झालीय, ती सांगायला पाहिजे. मे २०२५ पासनं केंद्राची कॅशलेस योजना आलीय, रस्त्यावर अपघात झाला तर पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचा उपचार, नेमून दिलेल्या दवाखान्यात, कुणाची चूक हे न बघता. म्हणजे माझे ७८ हजार त्यात बसले असते. आणि ठोकून पळून गेलेला सापडलाच नाही तर मेलेल्याच्या घरच्यांना आता दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात, २०२२ च्या आधी हेच २५ हजार आणि साडेबारा हजार होते. न्यूझीलंडसारखं नाही, बुडालेल्या कमाईचं त्यात काही नाही, पण आपण त्या दिशेला एक पाय टाकलाय. फक्त हे दुधाच्या टेम्पोवाल्याला माहीत पाहिजे, आणि दवाखान्याच्या काउंटरवर बसलेल्या पोराला पण.

माझ्यापुरतं मी एवढं केलंय की रेडियमच्या पट्टीचा रोल दुकानात आणून ठेवलाय. ज्याची मोटर येते आणि ज्याच्याकडं ट्रॉली आहे त्याला हातभर कापून देतो, मागच्या फळीला वर लाव म्हणतो, मोळ्यांच्या खाली नाही, वर, नाहीतर उपयोग नाही. निम्मे लावत नसतील. परवा एक जण म्हणाला, "साखर कारखाना देतो की रेडियम, हंगामाच्या सुरुवातीला." म्हटलं मग लावलंस का. "न्हाय, शेडमधी हाय."

बाकी काकांना ८४३ टाकले, १५ लाखांचा कव्हर पण ह्या वेळी काढला. आणि वकील मित्राला बसवून माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेतलाय. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. तीनच प्रश्न टाकलेत. मागच्या पाच वर्षांत जिल्ह्यातनं रोड सेफ्टी सेस किती जमा झाला, त्यातला जिल्ह्यात किती खर्च झाला, आणि कशावर. मित्र म्हणाला चौथा पण टाक, बिनरेडियमच्या किती ट्रॉल्यांवर कारवाई केली. टाकला. सोमवारी दुकान उघडायच्या आधी जाऊन देऊन येतो. तुमच्याकडं गाडीची पासिंगची पावती असेल तर काढा आणि ती बारकी ओळ किती रुपयांची आहे ते कळवा, मला यादी करायचीय.